मराठवाड्यातून स्वराज द्वीपला: किनाऱ्यावरून स्कूबा करायचं तर आखणी कशी करावी

तिकिटं काढण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडा. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं आणि पावसाळ्यात वर येतं, समुद्राचं मात्र दिवसातून दोनदा वर-खाली होतं. स्कूबासाठी, म्हणजे सिलिंडरची हवा घेत पाण्याखाली पोहण्यासाठी, किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचं असेल तर सगळी सहल या एका गोष्टीवर बेतावी लागते. बोटीने जाणाऱ्याला ओहोटीचं फारसं सोयरसुतक नसतं. चालत जाणाऱ्याला ओहोटीत पाठीवर सिलिंडर घेऊन मेलेल्या प्रवाळाच्या धारदार खडकांवरून वाट काढावी लागते. नेहमीचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर भरलं की सतरा किलोच्या आसपास भरतं, शिवाय कमरेला शिशाची वजनं असतात. पाय मुरगळतात ते पाण्यात नव्हे, इथेच.

स्वराज द्वीप म्हणजे अंदमानातलं पूर्वीचं हॅवलॉक बेट, 2018 साली नाव बदललं. किनाऱ्यावरून उतरायची तिथली प्रसिद्ध जागा म्हणजे निमो रीफ. तळ वाळूचा आहे, मधे मधे प्रवाळाचे पुंजके आहेत आणि उतार अगदी हळू आहे. समुद्रफुलांत राहणारे नारिंगी-पांढरे क्लाउनफिश तिथे भेटतात; ‘फाइंडिंग निमो’ चित्रपटातला निमो हाच मासा, नाव त्यावरूनच पडलं. पहिल्या डुबकीला ही जागा चांगली, कारण गुडघाभर पाण्यात थांबून सराव करता येतो आणि नको वाटलं तर उभं राहता येतं.

तारखा

भरतीचं कोष्टक पोर्ट ब्लेअरचं पाहायचं. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढायचा हिशेब आहे, तो अंदमानात चालत नाही. वेळ प्रत्येक किनाऱ्याची निराळी असते. तिथीवरून इतकंच कळतं की पाणी किती हलणार: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती-ओहोटीत सुमारे दोन मीटरचा फरक, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी. उधाणात ओहोट लांबवर जाते, प्रवाह जोर धरतो आणि पाणी गढूळ होतं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला असेल तर परवा पावणेदहाच्या सुमारास येईल. सकाळी सात ते अकराच्या दरम्यान भरती येणारे सलग तीन दिवस शोधा आणि डुबक्या त्यात बसवा.

उजेडाचाही हिशेब वेगळा आहे. घड्याळ आपलंच, पण बेटं फार पूर्वेला आहेत. पहाटे पाचच्या आसपास उजाडतं आणि डिसेंबरात संध्याकाळी साडेपाचला अंधार पडू लागतो. आपल्याकडच्या सवयीने दहाला न्याहारी करून निघालात, तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

महिना निवडताना जानेवारी अखेर ते एप्रिल धरा. दिवाळीच्या सुटीत जाता येतं, पण तेव्हा बंगालच्या उपसागरात वादळं उठू शकतात आणि बोटी रद्द होतात. जून ते सप्टेंबर विषयच काढू नका.

जाणं-येणं

छत्रपती संभाजीनगरहून अंदमानला थेट विमान नाही. मुंबईमार्गे जाता येतं. जालना, परभणी, नांदेडकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रीतून तिकडे पोचायचं, तिथून श्रीविजयपुरमचं, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरचं विमान घ्यायचं. गाडी उशिरा येईल हे गृहीत धरून मधे पाच-सहा तास मोकळे ठेवा. श्रीविजयपुरमहून स्वराज द्वीपला खासगी बोट दीड-दोन तासांत नेते, सरकारी बोटीला अडीच तासांच्या वर लागतात. बोटीच्या तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. ज्यांना एसटीत घाटात मळमळतं त्यांना इथेही मळमळेल. गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या आधी घ्यायची. डुबकीच्या सकाळी मात्र झोप आणणारी गोळी नको.

परतीचा नियम पाळायलाच हवा. पाण्याखाली दाबाने अंगात नायट्रोजन मुरतो आणि विमानात दाब कमी होताच त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकच डुबकी असेल तर विमानाआधी किमान बारा तास, अनेक डुबक्या असतील तर अठरा. म्हणून शेवटची डुबकी सकाळी, त्याच दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी बोटीने परत आणि विमान त्याच्याही नंतरच्या सकाळी. मधला एक दिवस वादळासाठी राखलेला असला म्हणजे बोट रद्द झाली तरी जीव टांगणीला लागत नाही.

पोहता येणं आणि श्वास

पहिल्यांदाच जाणाऱ्याला पोहता आलंच पाहिजे असं नाही. ट्राय डाइव्ह, म्हणजे परवान्याशिवायची चाखून पाहायची डुबकी, इन्स्ट्रक्टरच्या हाताशी, जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत असते आणि वय दहा पूर्ण लागतं. ओपन वॉटरचा, म्हणजे डुबकीचा पहिला परवाना हवा असेल तर तीन-चार दिवस, 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं लागतं. मग अठरा मीटरपर्यंत मुभा मिळते.

आता विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी थोडं सविस्तर. पाठीला डबा बांधून शिकलेला, काठावरून मुटका मारणारा, तळातून नाणं काढून आणणारा माणूस पाण्याला घाबरत नाही, पण त्याची एक सवय समुद्रात जिवावर बेतते. ती म्हणजे श्वास रोखणं. विहिरीत रोखलेली हवा वरचीच असते, खाली दबते आणि वर येताना पुन्हा मूळ आकाराची होते. सिलिंडरची हवा तुम्ही खालच्या दाबाने घेतलेली असते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे भरलेलं फुफ्फुस श्वास रोखून वर आणलं तर हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुफ्फुस फाटतं. त्यासाठी फार खोली लागत नाही, दीड-दोन मीटरही पुरतात. श्वास सतत चालू ठेवायचा. वर यायचं ते मिनिटाला नऊ मीटरपेक्षा सावकाश आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून.

कानाला घाट उतरताना दडे बसतात तेच इथे पहिल्या दोन मीटरमध्ये होतं, फक्त जोरात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दुखायची वाट पाहायची नाही, दर अर्ध्या मीटरला करायचं. सुटलं नाही तर थोडं वर येऊन पुन्हा. सर्दी असेल तर डुबकी रद्द. नाक मोकळं करणारं औषध घेऊन उतरलात आणि त्याचा असर खालीच ओसरला, तर वर येताना हवा अडकते. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर फॉर्मवर लपवू नका. डॉक्टरांचा दाखला निघण्याआधी घरूनच घ्या. गरोदरपणी डुबकी नाहीच.

सामान

वेटसूट (अंगाला चिकटून बसणारा, ऊब धरणारा पोशाख), बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट), रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारा) तिथे मिळतं. पाणी 27 ते 30 अंश असल्याने तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. स्वतःचा नेण्यासारखा एकच जिन्नस, मास्क. चष्मा असेल तर नंबरची काच बसवता येते. मिशी असेल तर मास्क गळणार, कारण सिलिकॉनची कड केसांवर बसत नाही. पूर्ण काढायची गरज नसते. नाकाखालची बोटभर पट्टी कापली आणि थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की भागतं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा. नाहीतर कितीही थुंकी लावा, धुकं जमणारच.

पोहण्याच्या तलावात सराव करून गेलात तर तिथलं शिशाचं वजन समुद्रात पुरत नाही. खारं पाणी जड असतं; साहित्यासह शंभर किलोच्या माणसाला अडीच किलोच्या आसपास जादा लागतं. शिवाय हवा संपत आली की सिलिंडर हलकं होऊन वर ओढतं. म्हणून वजन शेवटच्या पाच मीटरचा विचार करून ठरवतात.

उतरताना

दोन तास आधी हलकं खा. मिसळ, भजी परत आल्यावर. पाणी भरपूर प्या, आदल्या रात्री दारू नाही. किनाऱ्यावर सगळं बांधून, बीसीडीत हवा भरून, जोडीदाराने एकमेकांची हवा, बकलं, वजनं तपासायची. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, हातात धरून कमरेएवढ्या पाण्यात जायचं आणि एकमेकांच्या खांद्याला धरून तिथे चढवायच्या. फिन्स घालून चालायचंच झालं तर उलट्या पावलांनी. लाट येत असेल तर मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडात, कपाळावर आणि गळ्यात नाही. बूट घाला, तळाशी काळे काटेरी सी-अर्चिन असतात.

हवेचा हिशेब असा: सिलिंडर साधारण अकरा लिटरचं, दाब 200 बार (बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरच्या हवेइतका दाब). त्यातले 50 राखीव, उरले 150, गुणिले अकरा म्हणजे सुमारे 1,650 लिटर. मिनिटाला वीस लिटर ओढणारा दहा मीटरवर चाळीस ओढतो, म्हणजे चाळीस मिनिटं. नवखा धापा टाकत असेल तर तीसच. निम्मी संपायच्या आधीच तोंड किनाऱ्याकडे वळवा. बाहेर येताना प्रवाह आडवा असेल तर पृष्ठभागावर झगडण्यापेक्षा तळालगत परत येणं सोपं जातं, आणि त्याला हवा लागते.

डाइव्ह शॉपला आगाऊ विचारायचं ते दोन प्रश्न: एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण आणि भरतीनुसार वेळ बदलता का? पहिल्याचं उत्तर ट्राय डाइव्हला एक किंवा दोन असावं. दुसऱ्याला नाही म्हणाले तर दुसरं दुकान पाहा. प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं, अपवादांची यादी वाचून घ्या. बेटावर मोबाइलला रेंज असते-नसते, तेव्हा तिकिटं डाउनलोड करून ठेवा आणि रोख न्या; ऐनवेळी यूपीआय अडकतं.

किनाऱ्यावर मगरींच्या सूचनांचे फलक दिसले तर ते गंमत म्हणून लावलेले नाहीत. 2010 साली राधानगर किनाऱ्याजवळ मगरीने एका पर्यटक महिलेचा जीव घेतला आहे. पहाटे, संध्याकाळी आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नये.

प्रवाळाचा तुकडा वाळूत पडलेला असला तरी उचलायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि परतीच्या विमानतळावर बॅगा तपासतात.