मास्कचा दर्जा वाचावा कसा आणि मास्क लावावा कसा

मास्कवर छापलेला आकडा त्याच्या कापडाची गाळण्याची क्षमता सांगतो. कडेच्या फटीतून किती हवा आत शिरेल, हे त्यातून कळत नाही. म्हणून दर्जा आणि चेहऱ्यावरची बसण, दोन्ही तपासूनच मास्क घ्यावा.

अमेरिकी मानकानुसार एन-९५ मास्कने मिनिटाला ८५ लिटर हवा जात असताना सुमारे ०.३ मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान ९५ टक्के कण अडवावे लागतात. एन-९९ साठी हेच प्रमाण ९९ टक्के, तर एन-१०० साठी ९९.९७ टक्के आहे. युरोपीय मानकात एफएफपी-१, २ आणि ३ यांना अनुक्रमे ८०, ९४ आणि ९९ टक्क्यांची अट आहे. हवेत तेलाचे तुषार असतील, तर ‘एन’ऐवजी ‘पी’ वर्गाचा मास्क घ्यावा.

चाचणीला ०.३ मायक्रॉनच का, हे समजले की मास्कची निगाही कळते. मास्क चाळणीसारखा काम करत नाही. मोठे कण हवेबरोबर वळू न शकल्याने तंतूंवर आदळतात, अतिसूक्ष्म कण सैरभैर भटकत तंतूंना चिकटतात आणि या दोहोंमधले, म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण सर्वांत सहज निसटतात. त्यांना ओढून धरण्यासाठी आतल्या पॉलिप्रॉपिलीनच्या थरावर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. मास्क धुतला किंवा त्यावर अल्कोहोल फवारले, तर हा भार नाहीसा होऊ शकतो. कापड मात्र पूर्वीसारखेच दिसते, आणि म्हणूनच ही चूक फार घातक आहे.

मास्क लावताना खालचा पट्टा मानेवर आणि वरचा डोक्याच्या मागे उंचावर घ्यावा. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटू नये, कारण त्याने मध्ये टोक येऊन दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांच्या बोटांनी ती मधून कडेकडे दाबत न्यावी. मग मास्कवर तळवे ठेवून जोराने श्वास सोडावा. डोळ्यांपाशी वारा जाणवला किंवा चष्म्यावर वाफ आली, तर पट्टी पुन्हा बसवावी. दाढी असल्यास कड त्वचेला टेकत नाही आणि चांगला मास्कही गळतो. सर्जिकल मास्कच्या कडा मुळातच सैल असतात, त्यामुळे त्याचे कापड उत्तम असले तरी सूक्ष्म कणांपासून त्यावर विसंबू नये.

झडपेचा मास्क घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळताच बाहेर सोडतो. रुग्णाजवळ बसताना तो वापरू नये. पट्टे सैल झाले, कापड भिजले किंवा श्वास घेणे जड जाऊ लागले, की मास्क टाकून द्यावा.