रोज बदलणारा भाव बिलात कसा बसवावा

बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या वस्तूची किंमत बदलती ठेवण्याआधी तिच्यात नेमके काय बदलते, हे ठरवून घ्यावे. सुरमईचा किलोचा दर दिवसभर एकच राहतो, बदलते ते वजन. हापूसच्या पेटीत किती डझन हे ठरलेले असते, बदलतो तो दर. मांदेलीच्या वाट्याला, म्हणजे न तोलता मांडलेल्या ढिगाला, मात्र ना वजन ना दर, तेथे सौद्यात ठरेल ती रक्कम खरी. तिन्हींना ‘ओपन प्राइस’ची, म्हणजे बिल करतानाच काउंटरवर किंमत टाकण्याची, एकच खूण लावणे सोपे वाटते, आणि बहुतेक घोळ तेथूनच सुरू होतात.

सुरमईसाठी एकक किलो ठेवून दर रोज सकाळी एकदाच भरावा. लेबल छापणारा काटा असल्यास २० ते २९ ने सुरू होणारे बारकोड वापरावेत, कारण ते दुकानांतर्गत वापरासाठी राखीव असतात. समजा लेबलवर २१०००४५०१२५०६ असे आले, तर २१ ही खूण, ०००४५ हा सुरमईचा क्रमांक, ०१२५० म्हणजे १.२५० किलो आणि शेवटचा ६ हा तपासणी-अंक. ही मांडणी काट्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये सारखीच हवी. ९०० रुपये किलोच्या सुरमईचा अर्धा किलोचा तुकडा काट्याने ००४५० अशी रक्कम म्हणून छापला आणि सॉफ्टवेअरने ते ४५० ग्रॅम समजून घेतले, तर बिल ४०५ रुपयांचे होते. फरक इतका थोडा, की महिनोन् महिने कोणाच्या ध्यानात येत नाही.

हापूसचा दर काउंटरवर न बदलता मास्टरमध्येच, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वस्तूंच्या मूळ यादीतच, आणि तोही मालकानेच बदलावा.

वाट्यासाठी मात्र ओपन प्राइसला पर्याय नाही. तेथे किमान आणि कमाल रक्कम, उदाहरणार्थ ५० आणि ५००, बांधून द्यावी आणि शून्य रकमेचे बिल अडवावे. आमच्याकडे शंभराच्या वाट्यावर एकदा एक शून्य जास्त पडले होते. गिऱ्हाईक शेजारचेच, म्हणून निभावले. अशा मालाचा साठा नगांत मोजत बसू नये, दिवसाची खरेदी आणि दिवसाची विक्री एवढेच ताडून पाहावे.

एमआरपी छापलेल्या कोकम सरबताच्या बाटलीला ओपन प्राइसची मुभा कधीही देऊ नये, कारण छापील किमतीपेक्षा जास्त आकारणे बेकायदेशीर आहे. १ जूनपासून मासेमारी बंद झाली, की मासळीच्या नोंदी पुसून न टाकता फक्त निष्क्रिय कराव्यात. पुसल्यास मेमधल्या बिलांचे अहवाल बिघडू शकतात.