ड्रिपचे थेंब: तीनाने भागा

पावसाळ्यात मुंबईतले वॉर्ड डेंग्यूने भरले की इन्फ्यूजन पंप (ड्रिपचा वेग सांभाळणारी यंत्रं) पुरत नाहीत, थेंबच मोजावे लागतात. आधी ड्रिप सेटचं, म्हणजे नळीचं, पाकीट बघा. १ मिलीला २० थेंब असं छापलेलं असेल तर तासाचे मिली भागिले ३, झाले मिनिटाचे थेंब. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय? तासाला १२५, म्हणजे साधारण ४२ थेंब. १५ सेकंदांत दहा-अकरा पडले की रोलर (नळीवरचं वेग कमी-जास्त करायचं चाक) तिथेच ठेवा. ६० थेंबांच्या मायक्रो सेटला भागाकारच नको, तासाचे मिली तेच मिनिटाचे थेंब.

बोलस, म्हणजे थोड्या वेळात एकदम द्यायचं सलाईन, मात्र वजनावर. मूल १२ किलोचं, डॉक्टरांची ऑर्डर किलोला १० मिली, तर १२० मिली. वजन काट्यावरच घ्या. नातेवाईक हमखास गोल आकडा सांगतात. आणि पेशंटने हात दुमडला की थेंब पुन्हा मोजा.