आधी रिंग, मग पैदास: बॉर्डर टेरियर पाळणाऱ्या नव्या कुटुंबांसाठी

इंग्लंडच्या मिडलँड्स भागात आमच्या घरी बॉर्डर टेरियर ही कुत्र्यांची छोट्या चणीची जात आहे. तिची पैदास आणि शो हा पती, मुलगी आणि मी अशा तिघांचा मिळून छंद आहे. इकडे नव्याने स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत चांगल्या वंशावळीची मादी आली, की पहिला प्रश्न येतो, "हिचे पहिले वेत कधी घ्यावे?" माझे उत्तर ठरलेले असते. आधी तिला रिंगमध्ये, म्हणजे शोमध्ये कुत्री जिथे परीक्षकांपुढे उभी करतात त्या जागेत, उभी करा, इतरांच्या कुत्र्यांशेजारी पाहा, जाणकार परीक्षक तिच्याविषयी काय लिहितात ते वाचा आणि मगच पैदाशीकडे वळा. आपले जनावर आपल्याला देखणेच वाटते आणि घरच्या घरी त्याचे गुणदोष उमगत नाहीत. पुढच्या पिढीसाठी कोणते नर-मादी योग्य आहेत हे जोखता यावे, हाच माझ्या मते शोचा खरा उपयोग आहे.

हे गुणदोष समजून घ्यायचे, तर जात कोणत्या कामासाठी घडली ते ठाऊक हवे. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या चेव्हियट टेकड्यांमधले शेतकरी आणि मेंढपाळ कोकरे पळवणाऱ्या कोल्ह्यांच्या बंदोबस्तासाठी हे टेरियर बाळगत. शिकाऱ्यांच्या घोड्यामागे धावू शकतील असे पाय आणि कोल्ह्याच्या बिळात शिरू शकेल अशी अरुंद छाती, या दोन गरजांतून बॉर्डर टेरियरची ठेवण आली. ब्रिटनमध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंदणी करणाऱ्या केनेल क्लबने १९२० मध्ये या जातीला मान्यता दिली. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करण्यावर २००५ पासून बंदी आहे, तरीही जातीच्या मानकाचा, म्हणजे तिच्या आदर्श ठेवणीच्या लेखी वर्णनाचा, गाभा त्या जुन्या कामाचाच राहिला आहे. नराचे वजन साधारण ५.९ ते ७.१ किलो, मादीचे ५.२ ते ६.४ किलो, कातडी जाड आणि डोके पाणमांजरासारखे असावे, अशी अपेक्षा असते.

यातली छातीची परीक्षा नवख्याने मुद्दाम पाहावी. परीक्षक खांद्यांच्या मागे दोन्ही तळहातांनी कुत्र्याच्या छातीला विळखा घालतात. अंगठे वर पाठीवर जुळतात आणि बोटे खाली छातीखाली एकमेकांना टेकतात का, ते पाहिले जाते. बोटे टेकली, तर हा टेरियर अरुंद बिळात शिरून पुन्हा बाहेर येऊ शकला असता, असा त्याचा अर्थ. टेबलावर कितीही सुंदर दिसणारा, पण पिंपासारख्या छातीचा बॉर्डर इथे मागे पडतो आणि ते योग्यच आहे, असे माझे ठाम मत आहे. पिल्लांना हा विळखा लहानपणापासून रोजच्या खेळात सवयीचा करावा, म्हणजे रिंगमध्ये अनोळखी हातांनी ती बिचकत नाहीत.

कोटाची, म्हणजे अंगावरच्या केसांची, निगा हा पतींचा प्रांत आहे. बॉर्डरचा कोट दुहेरी असतो, वर राठ केस आणि खाली दाट, मऊ थर. वरचा केस मेला की मुळाशी सैल होतो आणि तो हातानेच उपटायचा असतो. डाव्या हाताने कातडी ताणून धरावी, उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत मोजकेच केस घ्यावेत आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने ओढावेत. केस खरोखर मेलेला असेल, तर कुत्र्याला दुखत नाही. आमची थोरली मादी तर या वेळी टेबलावर उभ्या उभ्या डुलक्या घेते. मशीनने किंवा कात्रीने केस कापले, की मेलेले मूळ कातडीतच राहते, कोट मऊ पडत जातो आणि रंगही फिकटतो. सगळा कोट एकदम उतरवला, तर नवा येईपर्यंत कित्येक आठवडे शोला जाता येत नाही. म्हणून शोच्या कुत्र्यांचे फक्त सर्वांत लांब केस दर आठवड्याला थोडे थोडे काढत राहावे, म्हणजे जुना, मधला आणि नवा असे तिन्ही थर अंगावर एकाच वेळी असतात. हे पुस्तकातून शिकता येत नाही. जातीच्या क्लबमधल्या एखाद्या जुन्या सभासदाच्या शेजारी बसूनच हात तयार होतो.

रिंगची तयारी गावोगावच्या सभागृहांत भरणाऱ्या रिंगक्राफ्टच्या, म्हणजे रिंगमध्ये कुत्रे कसे दाखवायचे ते शिकवणाऱ्या, शिकवण्यांतून होते. शोमध्ये उतरवण्यासाठी पिल्लू किमान सहा महिन्यांचे असावे लागते. सुरुवात छोट्या ओपन शोपासून करावी आणि मग चॅम्पियनशिप शो या वरच्या पातळीच्या शोकडे जावे. चॅम्पियन हा किताब मिळण्यासाठी तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेट (चॅम्पियनशिप शोमध्ये जातीतल्या सर्वोत्तम नराला आणि मादीला मिळणारे प्रमाणपत्र) मिळवावी लागतात आणि त्यांपैकी किमान एक प्रमाणपत्र कुत्रे वर्षाचे झाल्यानंतर मिळालेले असावे लागते. आमच्या मुलीने आधी ज्युनियर हँडलिंगपासून सुरुवात केली. त्यात कुत्र्याइतकेच, किंबहुना अधिक, ते हाताळणाऱ्या मुलाचे कसब पाहिले जाते. त्यामुळे सगळ्या घराने यात उतरायचे असेल, तर मुलांसाठी ही उत्तम वाट आहे. शोमध्ये आपल्या कुत्र्याचा स्पर्धेचा वर्ग (गट) संपला, की सामान आवरून निघून जाऊ नये. रिंगच्या कडेला थांबून शेवटपर्यंत बाकीचे वर्ग पाहावेत आणि नंतर परीक्षकांचे लेखी अभिप्राय आपण पाहिलेल्याशी ताडून पाहावेत. नर निवडण्याची नजर तिथेच घडते.

पैदाशीतला सर्वांत कठीण निर्णय म्हणजे नराची निवड. त्या वर्षी गाजणारा नर सगळ्यांनाच हवा असतो, पण सगळ्यांनी त्याच्याकडे धाव घेतली, तर दोन-तीन पिढ्यांत सगळी जातच एकमेकांच्या नात्यात अडकते. आपल्या मादीच्या उणिवा लिहून काढाव्यात आणि त्या भरून काढणारा नर, त्याचे आईबाप आणि शक्य असेल तर त्याची आधीची पिल्ले स्वतः जाऊन पाहावीत. बॉर्डरमध्ये पिल्ले पायांवर उभी राहण्याच्या वयात थरथरू लागतात असा एक जीवघेणा आनुवंशिक आजार आहे. त्याची डीएनए चाचणी उपलब्ध आहे. स्वतः आजारी नसलेली, दोष फक्त वाहणारी (वाहक) मादी पूर्ण निर्दोष नराकडे नेली, तर आजारी पिल्ले जन्मत नाहीत. म्हणून केवळ वाहक म्हणून चांगल्या मादीला बाद करू नये, चाचणी मात्र टाळू नये. आकडीसारखे झटके येण्याचा आणखी एक विकार या जातीत आढळतो. त्याचा संबंध आहारातल्या ग्लुटेनशी असल्याचे दिसून आले आहे, तेव्हा नराच्या मालकाला त्याच्या कुळात असे झटके कोणाला येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. बापलेक, मायलेक किंवा सख्ख्या भावंडांच्या संबंधांतून झालेल्या पिल्लांची नोंदणी केनेल क्लब करत नाही. एका मादीच्या चारपेक्षा अधिक वेतांचीही करत नाही. आमच्या घरात मर्यादा याहून कमी आहे, कारण मादी आधी घरातली असते.

गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा तापमान पाहावे. ते ३७ अंश सेल्सिअसखाली उतरले, की साधारण २४ तासांत वेणा सुरू होतात. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर आले नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करावा. एकदा सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि "बाळंतिणीला एकटी सोडायची नसते" म्हणत त्यांनी रात्रीची पाळी स्वतःकडे घेतली. या कामात घरातले जेवढे हात मिळतील तेवढे हवेच असतात. नवजात पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून पेटीत एका बाजूला सुमारे ३० अंश ठेवावे आणि आईला सरकायला थंड बाजू मोकळी सोडावी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पिल्लाचे वजन करून वहीत लिहावे. दूध कमी पडत असेल, तर ते पिल्लाच्या आवाजाआधी या वहीत दिसते. साधारण दोन आठवड्यांत डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून प्रेशर कुकरची शिट्टी, व्हॅक्यूम, दारावरची बेल, वेगवेगळ्या वयाची माणसे, सगळ्यांची ओळख हळूहळू करून द्यावी.

आठव्या आठवड्यात घरी ठेवायचे पिल्लू आम्ही निवडतो आणि उरलेल्यांची घरे तोवर ठरलेली असतात. इंग्लंडमध्ये वर्षात तीन किंवा अधिक वेते घेऊन पिल्ले विकणाऱ्याला, किंवा त्याआधीही हा व्यवसाय म्हणून करणाऱ्याला, स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. परवानाधारक ब्रीडरला आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही आणि नव्या घरी जाण्यापूर्वी ब्रीडरच्या नावे त्याला मायक्रोचिप बसवावीच लागते. घेणाऱ्या कुटुंबाला आम्ही किमान दोनदा घरी बोलावतो, आईसह पिल्ले दाखवतो आणि त्यांच्या बागेचे कुंपण कसे आहे, हेही विचारतो, कारण बॉर्डर जमीन उकरून बाहेर पडतो. करारात तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: पिल्लाच्या पैदाशीवर नोंदणीतच घातलेले बंधन, ते उठवण्यासाठी पूर्ण कराव्या लागणाऱ्या आरोग्य चाचण्या, आणि कोणत्याही कारणाने, कोणत्याही वयात कुत्रे ठेवणे अशक्य झाले तर ते आमच्याकडेच परत देण्याची अट.