‘गो ऑफ’चा अर्थ कर्त्यावरून कसा ओळखावा

विदर्भातल्या खेड्यांत लाइट जाणे नित्याचेच असल्यामुळे ‘द लाइट्स वेन्ट ऑफ’ हे वाक्य मुलांना चटकन समजते, आणि ‘गो ऑफ’ म्हणजे बंद होणे एवढेच त्यांच्या मनात पक्के बसते. परंतु ‘द अलार्म वेन्ट ऑफ ॲट फाइव्ह’ या वाक्यात गजर बंद पडलेला नसून पाच वाजता वाजलेला असतो, म्हणजे अर्थ अगदी उलटा होतो. म्हणून आधी कर्ता शोधावा. दिवा किंवा पंखा असेल तर तो बंद झाला. गजर किंवा भोंगा असेल तर तो वाजला. बॉम्ब असेल तर त्याचा स्फोट झाला, आणि रानडुकरे हाकलण्यासाठी शेतात लावलेला फटाकाही याच अर्थाने ‘गो ऑफ’ होतो. दूध असेल तर ते नासले. हा वापर मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीतला. माणूस असेल तर तो निघून गेला, मात्र ‘शी हॅज गॉन ऑफ टी’ असे कर्म पुढे आले की तिला चहा आवडेनासा झाला.

विहिरीवरची मोटर आपण स्वतः बंद केली असेल, तर ‘आय वेन्ट ऑफ द मोटर’ असे कदापि लिहू नये. तेथे ‘टर्न्ड ऑफ’च हवे.