फुटबॉलसाठी ताकद कमवताना: बॉडीच्या नादात काय निसटतं

लीग संपून पावसाळा लागला की आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेतली पोरं जिमची फी भरतात. शाहू स्टेडियमवर सीनियर टीमकडून पहिल्यांदा उतरलेल्या पोराला एक गोष्ट लगेच कळते: समोरचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खांदा लावतो आणि आपण बाजूला फेकले जातो. त्यावर कट्ट्यावर एकच उपाय सांगितला जातो, 'बॉडी कर.' हे लिहितोय ते अशा पोरांसाठी. पासिंग, पोझिशन, स्टॅमिना हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

२०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपनंतर हा समज आणखी पक्का झाला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता, म्हणून अख्खं गाव टीव्हीसमोर बसलं होतं. दिल्लीत घानानं भारताला ४-० हरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे घानाच्या पोरांच्या दंडाचीच चर्चा. पण तो सामना पुन्हा बघा. फरक पडत होता तो पहिल्या दोन-तीन पावलांत, उडीत, आणि अंगावर माणूस असताना चेंडू पायाखाली ठेवण्यात. दंड दिसत होते, म्हणून लोक दंडांबद्दल बोलले.

आता मी ज्या सापळ्यात अडकलो, तो सावकाश सांगतो. तो बाहेरून प्रगतीसारखा दिसतो, म्हणून इथं शब्दांची काटकसर करणार नाही.

जिममधल्या ट्रेनरनं मला पायांसाठी लेग प्रेस (पाठ टेकून पायांनी वजन ढकलायचं मशीन) आणि लेग एक्स्टेंशन (बसून गुडघे सरळ करत वजन उचलायचं मशीन) दिलं. बारा-पंधराचे सेट, पाय थरथरेपर्यंत. वरच्या अंगाला छाती आणि हात, आलटून पालटून. महिन्यामागून महिने लेग प्रेसवरच्या प्लेट्स वाढत गेल्या, मांड्या भरल्या, पेठेतली मोठी माणसं पाठीवर थाप मारायला लागली. मैदानात मात्र पहिलं पाऊल उशिरा पडायला लागलं. मग एका मॅचमध्ये कडेनं धावणाऱ्या विंगरच्या मागे पूर्ण वेगानं परत धावताना मांडीच्या मागे काहीतरी तुटल्यासारखं झालं. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू. तो हंगाम गेला आणि त्यानंतरची टीममधली जागाही गेली. हे लिहिताना आजही घशात आवंढा येतो. त्या मशीनवर आकडा वाढत असताना, या आकड्याचा मैदानाशी संबंध काय, हे मला एकाही माणसानं विचारलं नव्हतं.

संबंध का नव्हता ते बघा. पहिली गोष्ट वेळेची. पळताना पाय जमिनीला टेकून उचलला जाईपर्यंत साधारण ०.१ ते ०.२ सेकंद मिळतात. स्नायूला त्याचा पूर्ण जोर लावायला ०.३ सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे तुमच्याकडे जोर किती आहे यापेक्षा त्यातला किती जोर त्या एवढ्याशा वेळात बाहेर येतो, यावर पहिलं पाऊल ठरतं. मशीनवर पाय थरथरेपर्यंत सावकाश ढकलत राहिल्यानं स्नायू फुगतो. झटक्यात जोर लावायची सवय त्यातून लागत नाही. उलट अंगावर चढलेला प्रत्येक किलो नव्वद मिनिटं वाहून न्यावा लागतो, आणि व्यावसायिक सामन्यात मिडफिल्डर १० ते १२ किलोमीटर पळतो.

दुसरी गोष्ट, फुटबॉलमधली बहुतेक महत्त्वाची कामं एका पायावर होतात. शॉट, कट, टॅकल, धावत येऊन हेडरची उडी, सगळं. लेग प्रेसमध्ये पाठ गादीला टेकलेली, दोन्ही पाय एकत्र, तोल सांभाळायला मशीन. कंबर आणि पुठ्ठ्यांना तोल सांभाळायचं काम उरत नाही. स्टॉपर खांदा लावतो तेव्हा नेमके तेच कमी पडतात आणि आपण छातीला दोष देतो.

तिसरी गोष्ट ब्रेकची, आणि माझा घात हिनं केला. पूर्ण वेगात पळताना पुढे फेकलेला पाय जमिनीवर यायच्या आधी हॅमस्ट्रिंग त्याला आवरते, म्हणजे ताणली जात असतानाच जोर लावते. लेग एक्स्टेंशननं पुढची मांडी दणकट केली आणि मागचीला आवरायला शिकवलंच नाही, तर गाडीचं इंजिन वाढवून ब्रेक तसेच ठेवल्यासारखं होतं. आरशात पुढची मांडी दिसते, मागची दिसत नाही. म्हणून ती राहून जाते.

हे वाचून कोणी जिम सोडू नका. वजन उचलायलाच हवं. २००४ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी १७ आंतरराष्ट्रीय खेळाडू तपासले, तेव्हा स्क्वॉटमधली (खांद्यावर रॉड घेऊन मारलेली बैठक) कमाल ताकद, १० आणि ३० मीटरची धाव आणि उभी उडी यांचा घट्ट संबंध दिसला. त्याच मंडळींची पद्धत साधी होती: जड वजन, चार-चार रिपचे (म्हणजे सलग चार वेळा उचलायचे) चार सेट, मध्ये भरपूर विश्रांती, आणि वर येताना जमेल तितक्या जोरात. ताकद वाढते, अंगाचं वजन जवळजवळ तेवढंच राहतं. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मेंदू आणि नसांकडून येते, कारण आहेत तेच स्नायू जास्त संख्येनं आणि एकदम कामाला लागतात. त्यामुळे दोन महिने आरशात काहीच बदल दिसला नाही तरी घाबरू नका. काम चालू असतं. सडपातळ पोरांनी तर अजिबात खचू नये. सुनील छेत्रीची उंची १७० सेंटिमीटरच्या आसपास, आणि हेडरसाठी तो धिप्पाड स्टॉपरांच्या वर उडायचा.

मोठ्या खेळाडूंचे फोटो दाखवून पोरं माझ्याशी वाद घालतात. २०२० च्या लॉकडाऊननंतर जर्मनीतल्या बायर्न क्लबचा लिऑन गोरेट्झ्का भरलेल्या अंगानं परत आला, ते खरं आहे. त्याच्यामागे क्लबचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि रोजची मोजणी होती, आणि दुपारी झोपायला वेळ होता. स्पॅनिश विंगर आदामा त्राओरेचे दंड सगळ्यांना माहीत आहेत. त्याच दंडांना धरून डिफेंडर त्याला ओढायचे, खांदा निखळायचा, म्हणून वुल्व्हज या इंग्लिश क्लबमध्ये असताना मॅचआधी त्याच्या हातांना बेबी ऑइल लावायचे. माणसं मागे पडायची ती त्याच्या पायांमुळे. स्टॉपर आणि गोलकीपरला थोडं वजन नक्की उपयोगी पडतं, पण तुम्ही विंगला खेळत असाल तर स्टॉपरचं शरीर मागू नका.

मी आता पोरांना काय करायला सांगतो? लीग नसताना आठवड्यातून दोन दिवस ताकद. स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं), तीन ते पाच रिप, सेटच्या मध्ये तीन मिनिटं थांबायचं. मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाची बैठक. पुल-अप्स, कारण अंगावर आलेल्या माणसाला थोपवायला पाठ लागते. पोटऱ्या. आणि नॉर्डिक: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे, अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. अभ्यासांमध्ये यानं हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्यानं घटलेल्या दिसल्या. याला एक रुपया लागत नाही. सुरुवातीला मांडी भयंकर दुखते, म्हणून आठवड्यातून एकदा, पाच-पाचचे दोनच सेट. जांघेसाठी कोपनहेगन: एका कुशीवर आडवं, वरचा पाय जोडीदाराच्या हातात, आणि खालचं अंग उचलायचं. नॉर्वेच्या खेळाडूंमध्ये यानं जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी झाला होता. जांघ दुखत असताना इंजेक्शन घेऊन खेळणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना हे कोणी आधी दाखवायला हवं होतं.

धावायचं ते अंग ताजं असताना. दहा-वीस मीटरच्या मोजक्या धावा, प्रत्येकीनंतर पूर्ण दम भरू द्यायचा. दमल्यावर काढलेली स्प्रिंट ही स्प्रिंट राहत नाही, ती स्टॅमिनाची मेहनत होते.

इथं माझं ठाम मत सांगतो. फुगवलेल्या अर्ध्या चेंडूवर एका पायानं उभं राहून डंबेल हलवणं, जमिनीवर अंथरलेल्या शिडीतून भराभरा पाय नाचवणं, याला व्हिडिओवाले 'फंक्शनल' म्हणतात. शिडीनं तुम्ही शिडीत हुशार होता. त्यापेक्षा आमच्या तालमीतले वस्ताद बरे: ते रोज तुम्हाला बघतात आणि गुडघा आत वळला तर ओरडतात. तालमीतले जोर मला आवडतात, खांदे आणि कंबर एकत्र काम करतात. शेकडो बैठकांनी मात्र चिवटपणा वाढतो, झटक्याची ताकद नाही, आणि हे मी वस्तादांनाही सांगितलं आहे. ज्यानं तुमची एकही मॅच पाहिलेली नाही त्याच्याकडून पायांचा कार्यक्रम घेऊ नका. कोणी पावडरीसोबत इंजेक्शनचं नाव काढलं तर त्याच मिनिटाला तिथून निघा. हार्मोन, लिव्हर, हृदय, डोपिंगची बंदी, यातलं काहीही तुमच्या वाट्याला येऊ शकतं. अंडी, डाळ, मटण, गंगावेशीतलं दूध आणि आठ तास झोप एवढं आधी नियमित होऊ द्या.

सोळाच्या आतल्या पोरांच्या पालकांना वजनामुळे उंची खुंटेल अशी भीती असते. तसं होत नाही. जाणकार माणूस शेजारी उभा हवा, आणि आधी रिकाम्या रॉडवर हालचाल स्वच्छ व्हायला हवी, इतकंच.

प्रगती मोजायची असेल तर दंड-मांड्या टेपनं मोजणं सोडा. फोनवर १० मीटरच्या धावेचा व्हिडिओ काढा आणि वेळ वहीत लिहा. जागेवरून लांब उडी मोजा. पाठीवर झोपून एका पायावर पुठ्ठे उचलून किती रिप होतात ते दोन्ही बाजूंना बघा. डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर आधी तो भरून काढा. वजन वाढलं आणि १० मीटरची वेळही वाढली, तर कार्यक्रम बदला, मग लोक कितीही कौतुक करोत.

हंगाम सुरू झाला की पोरं जिम पूर्ण सोडतात किंवा मॅचच्या आदल्या दिवशीही जिममध्ये पायांचा जड व्यायाम करतात. दोन्ही वाईट. कमावलेली ताकद टिकवायला आठवड्यातून एक दिवस पुरतो. मॅच रविवारी असेल तर तो दिवस बुधवार, दोन व्यायाम, थोडे सेट, आणि थरथर सुरू व्हायच्या आधी रॉड खाली. मैदानावर उतरण्याआधी फिफाचा '११ प्लस' वॉर्मअप करा: साधारण २० मिनिटं लागतात, नॉर्डिक त्यातच आहे, आणि अख्ख्या टीमला एकत्र करता येतो. कॅप्टन ऐकत नसेल तर निदान एका जोडीदाराला तयार करा, घोटे धरायला तेवढा पुरतो.