पेलेट ग्रिलमध्ये पिझ्झा ओव्हन बसवायचाय? आधी आगीचा रस्ता नीट करा

अमेरिकेत आपल्या बऱ्याच लोकांकडे बॅकयार्डात पेलेट ग्रिल, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर (पेलेट) चालणारा ग्रिल असतो. चिकन टिक्का, कणसं, पनीर सगळं त्यावर मस्त होतं, पण पिझ्झा टाकला की निराशा होते. खालून कडक, वरून पांढरट, चीज वितळतं पण कडेला रंग काही येत नाही. यात ग्रिलचा दोष नाही. बहुतेक पेलेट ग्रिल 450 ते 500 फॅरेनहाइटला थांबतात आणि आत आगीवर एक जाड पत्रा असतो, ज्याचं कामच आहे ज्वाला अडवून गरम हवा सगळीकडे सारखी पसरवायची. मांस सावकाश शिजवायला हेच पाहिजे, पिझ्झ्याला नेमकं उलटं. न्यूयॉर्क स्टाइलला स्टोन, म्हणजे पिझ्झा ज्यावर भाजतो तो दगड, 600 च्या पुढे लागतो, नेपल्सच्या पद्धतीला तर ओव्हनचा तळ 400 सेल्सिअसच्या आसपास आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदात बाहेर.

म्हणून पिझ्झा ॲटॅचमेंट. जाळ्या, ड्रिप ट्रे आणि तो आगीवरचा पत्रा असं सगळं काढायचं आणि फायरपॉटच्या, म्हणजे पेलेट जळतात त्या भांड्याच्या, बरोबर वर एक स्टेनलेसची पेटी बसवायची. पेटीच्या तळाला भोक, मागे फट, वर उतरतं छप्पर, पुढे तोंड. ज्वाला भोकातून वर येते, स्टोनच्या मागून वळून छपराला घासत पुढे येते आणि तोंडातून बाहेर पडते. ग्रीन माउंटन ग्रिल्स ही कंपनी स्वतःच्या ग्रिलसाठी अशी ॲटॅचमेंट विकते आणि लोक तीच विकत घेऊन दुसऱ्या कंपनीच्या ग्रिलमध्ये बसवतात. हे जमतं कारण आतली मांडणी सगळीकडे जवळपास एकच आहे. ट्रेगरने ओरेगनमध्ये पेलेट ग्रिल काढला, 1986 ला पेटंट घेतलं, ते 2006 ला संपलं, मग बाकीच्या कंपन्या उतरल्या आणि त्यांनीही हॉपर (पेलेट भरायची पेटी), ऑगर (पेलेट आगीकडे ढकलणारा स्क्रू), फायरपॉट, पंखा हीच रचना ठेवली.

आता मुद्द्याची गोष्ट. लोक पेटी ग्रिलमध्ये मावते का एवढंच बघतात. मावणं सोपंय हो, दोन पट्ट्या टाकल्या की काहीही मावतं. पिझ्झा चांगला होणार की नाही हे ठरतं फायरपॉटमधून निघालेली ज्वाला कुठून कुठे जाते त्यावर, आणि ग्रिलचा टेंपरेचर प्रोब काय वाचतोय त्यावर. सगळा वेळ या दोन गोष्टींवर घालवा.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगतो. असा बदल केला की वॉरंटी गेली असं धरूनच चाला. आणि ग्रिलच्या बॅरलला, म्हणजे गोल धडाला, एकही भोक पाडू नका, सगळं असं करा की अर्ध्या तासात काढून ग्रिल मूळ रूपात येईल, कारण पुढच्या वीकेंडला त्यावर पुन्हा चिकनच करायचंय.

पहिलं काम सफाई, आणि हे टाळायचं नाही. नेहमी ड्रिप ट्रे चरबी गोळा करून बाहेरच्या बादलीत सोडतो, म्हणून बॅरलच्या तळाशी काय साठलंय ते दिसत नाही. आता ट्रेच काढणार आहात म्हणजे उघडी ज्वाला आणि जुनी चरबी यांच्यामध्ये काहीच उरत नाही. प्लग काढा, ग्रिल पूर्ण थंड होऊ द्या, तळ खरवडून काढा, भिंतींवरचे काजळीचे पापुद्रे पाडा, राख शॉप व्हॅकने ओढून घ्या. राखेत निखारा असेल तर व्हॅकच पेट घेतो, म्हणून हे आदल्या दिवशी किंवा सकाळी करा, ग्रिल नुकताच बंद केलाय तेव्हा नाही.

मग मापं. फायरपॉटचा बाहेरचा व्यास, त्याची वरची कडा बॅरलच्या तळापासून किती उंच आहे, तिथून मागची आणि पुढची भिंत किती लांब, आणि जाळी जिथे टेकते तिथली आतली रुंदी. बॅरल गोल असल्यामुळे रुंदी उंचीप्रमाणे बदलते, नुसती वरची मापं घेऊन ऑर्डर दिली तर पेटी खाली उतरणारच नाही. ॲमेझॉनचा पुठ्ठ्याचा खोका कापून पेटीच्या मापाची डमी करा आणि ती आत ठेवून बघा. डमीच्या तळाला भोकाचं वर्तुळ काढा आणि ते फायरपॉटच्या बरोबर वर येतंय का ते तपासा. अर्धा इंच जरी बाजूला गेलं तरी ज्वाला तिरपी जाते आणि स्टोनची एक बाजू कायम जास्त तापते. पिट बॉसमध्ये आगीवरची सरकणारी प्लेट असते, तीही काढावी लागते. ती काढली की मापं बदलतात, म्हणून मापं ती काढल्यावरच घ्या.

सामान घेताना हार्डवेअरच्या दुकानात डक्टचा चकचकीत पत्रा स्वस्तात मिळतो. तो घेऊ नका. तो गॅल्व्हनाइज्ड असतो, त्यावर जस्ताचा मुलामा असतो, जास्त तापला की जस्ताचा धूर निघतो आणि तो धूर विषारी आहे. नट-बोल्ट, वॉशरचंही तेच, झिंक प्लेटेड काहीही आत जाऊ द्यायचं नाही. 304 स्टेनलेस, 16 गेज म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या, ऑनलाइन हव्या त्या मापात कापून मिळतो, बोल्टही स्टेनलेसचेच. लाल सिलिकॉन सीलंट साधारण 650 फॅरेनहाइटपर्यंतच टिकतं, फायरपॉटजवळ ते जळून जाईल. तिथे सील लागलंच तर लाकडाच्या शेगडीच्या दाराला लावतात ती फायबरग्लासची दोरी वापरा.

आता कॉलर, म्हणजे फायरपॉटच्या कडेपासून पेटीच्या भोकापर्यंतची नळी. सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. ही नसेल तर पंख्याची हवा ज्वालेला बॅरलभर पसरवते आणि पेटीत अर्धीच उष्णता पोचते. फायरपॉट 4 इंचाचा, म्हणजे सुमारे 102 मिलिमीटर असेल तर परीघ होतो 320, त्यात एकावर एक यायला 20 धरा, म्हणजे 340 मिलिमीटरची पट्टी. ती पाइपवर वळवून गोल करायची, दोन M5 बोल्टने बंद करायची आणि कडा कानसीने घासून घ्यायच्या, नाहीतर हात कापतो. उंची मात्र वर पेटीला घट्ट टेकेल एवढी ठेवू नका, 3 मिलिमीटर जागा सोडा. 304 स्टेनलेसचा 300 मिलिमीटरचा तुकडा 400 सेल्सिअसने तापला की जवळपास 2 मिलिमीटर वाढतो, आणि वाढायला जागा नसेल तर पेटी वर उचलली जाते नाहीतर फायरपॉट दाबला जातो.

आणि हे नीट वाचा: फायरपॉटच्या बाजूला छोटी छोटी भोकं असतात, आगीला हवा तिथून मिळते. कॉलर बाहेरून खाली सरकवून ही भोकं झाकली तर आग गुदमरते, पेलेट धुमसत बसतात, आणि धुमसती आग ऑगरच्या नळीतून मागे हॉपरकडे सरकू शकते. त्यालाच बर्नबॅक म्हणतात आणि पेलेट ग्रिलमध्ये भीती बाळगायची असेल तर याचीच. म्हणून कॉलर वरच्या कडेवर फक्त 10-12 मिलिमीटर उतरली पाहिजे, पहिल्या भोकाच्या वरच थांबली पाहिजे. टॉर्च लावून चारही बाजूंनी बघा. पेटीच्या मागची फट आणि पुढचं तोंड हेही कधी बंद करायचं नाही, आत आलेली हवा बाहेर गेलीच पाहिजे.

पेटीचं वजन कॉलरवर येता कामा नये. 13 इंचाचा, 16 मिलिमीटर जाडीचा कॉर्डिएराइट (जास्त उष्णता सोसणारा सिरॅमिक) स्टोन एकटाच साधारण साडेतीन किलो भरतो, वर पेटीचं वजन वेगळं. जाळी जिथे टेकते त्या कडांवर दोन स्टेनलेसचे अँगल आडवे टाका आणि पेटी त्यावर ठेवा, मग कॉलर मोकळी राहते.

स्टोन कॉर्डिएराइटचाच घ्या. पिझ्झा स्टील घरातल्या ओव्हनमध्ये उत्तम, पण इथे 700 फॅरेनहाइटला तेच स्टील एवढ्या वेगाने उष्णता देतं की बेस अर्ध्या मिनिटात काळा. स्टोनच्या खाली, भोकाच्या बरोबर वर, एक आडवा पत्रा पाहिजे आणि त्याच्या आणि स्टोनच्या मध्ये 10-12 मिलिमीटरची मोकळी जागा. तयार ॲटॅचमेंट घेतली तर अशी सोय आहे का ते आधी बघा, घरी पेटी करताय तर हे विसरू नका. हा पत्रा नसेल तर ज्वाला थेट स्टोनच्या पोटावर आदळते, मधोमध पिझ्झा करपतो आणि वरचं पीठ कच्चं राहतं. स्टोनच्या मागे साधारण दोन इंच जागा सोडा, ज्वाला तिथूनच वर जाते. नीट जमलं की तोंडातून आत बघितल्यावर मागच्या फटीतून पिवळी-केशरी ज्वाला वर येताना दिसते, छपराला लागते आणि तिची टोकं पुढे अर्ध्यापर्यंत सरपटत येतात. ज्वाला फटीतच थांबत असेल तर छप्पर फार उंच आहे नाहीतर कॉलरमधून हवा गळतेय. तोंडाबाहेर येत असेल तर पेलेट जास्त पडताहेत.

पेलेटवरून आता प्रोब. तो बहुतेक ग्रिलमध्ये बॅरलच्या आतल्या भिंतीवर असतो, म्हणजे पेटीच्या बाहेर. पेटी बसवल्यावर ग्रिलचं झाकण उघडं राहतं, त्यामुळे पेटीत 700 असलं तरी प्रोबला 250 दिसू शकतं. कंट्रोलर बिचारा त्यावर विश्वास ठेवतो आणि पेलेट ढकलत राहतो. इथे 450 सेट केलं तर ऑगर थांबणारच नाही, फायरपॉट तुडुंब भरेल. म्हणून सेटिंग 300 च्या आसपास ठेवून सुरुवात करा, पंधरा मिनिटं ज्वाला बघा, मग गरजेप्रमाणे 25-25 ने वर-खाली करा. डिस्प्लेवरचा आकडा आता स्टोनबद्दल काहीच सांगत नाही, इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, वीस-तीस डॉलरचा चालतो. प्रोब वाकवू नका, वायर ओढून दुसरीकडे नेऊ नका. पेटीची भिंत प्रोबला चिकटत असेल तर मध्ये बोटभर अंतर सुटेल असं बघा. वाऱ्यामुळे काही कंट्रोलर कमी तापमानाचा एरर देऊन बंद पडतात, अशा वेळी ग्रिलची पाठ वाऱ्याकडे करा. आणि आग मध्येच विझली तर परत स्टार्ट दाबू नका, फायरपॉटमध्ये साठलेले पेलेट आधी काढून टाका, नाहीतर पेटताना भडका उडतो.

पहिली आग पिझ्झ्याशिवाय. मोकळ्या जागेत, घरापासून दहा फूट तरी लांब, टाउनहाउस-अपार्टमेंटवाल्यांनी आपल्याकडचे नियम आधी बघा, बऱ्याच ठिकाणी बाल्कनीत ग्रिल चालतच नाही. गॅरेजमध्ये तर दार उघडं ठेवूनही नाही, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि वासही येत नाही. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, चरबीच्या आगीवर पाणी कधीच ओतायचं नाही. पाऊण तास चालू द्या, पत्र्यावरचं मशीनचं तेल या वेळात जळून जातं. मधून मधून हॉपरच्या तळाला बाहेरून हात लावून बघा, कोमट ठीक, चटका बसला तर बंद करा आणि कॉलरने फायरपॉटची भोकं झाकलीत का ते पुन्हा तपासा. बॅरलच्या बाहेरच्या रंगाला फोड येताहेत का तेही बघा. स्टोनवर मागे, मध्ये, पुढे असं तीन जागी तापमान घ्या. मागे थोडं जास्त असणारच, पण फरक शंभराच्या वर गेला तर आतला पत्रा थोडा मागे सरकवून बघा.

पेलेट खाण्यासाठीचे हार्डवुडचेच, घर गरम करायच्या स्टोव्हचे नकोत. ह्यूस्टन, फ्लोरिडासारख्या दमट ठिकाणी पोतं उघडलं की झाकणाच्या बादलीत ठेवा, दमट पेलेट फुगून भुसा होतो आणि ऑगर अडकतो.

आता पिझ्झा. स्टोन मध्ये 650 ते 700 झाला की टाका, तीन-चार मिनिटांत होतो, दर चाळीसेक सेकंदांनी थोडा फिरवत राहा, कारण मागची बाजू ज्वालेजवळ आहे. पिठात साखर नको, पाणी मैद्याच्या 62 ते 65 टक्के पुरे. अमेरिकन ब्रेड फ्लोअरमध्ये बऱ्याचदा माल्टेड बार्ली असते, ती या तापमानाला लवकर काळी पडते, इटालियन डबल झीरो मैद्यात सहसा ती नसते, म्हणून इथे तोच बरा. दोन पिझ्झ्यांच्या मध्ये पाच-सात मिनिटं द्या, स्टोन परत तापू दे, पाहुणे कितीही घाई करोत. याच स्टोनवर नान आणि कुलचे अप्रतिम होतात.

शाकाहारी मंडळी येणार असतील तर आणखी एक विचार करा. चिकन-ब्रिस्केटचा ग्रिल आहे हे त्यांना माहीत असतं आणि त्यांना ते खटकतं, हे रास्त आहे. पेटी आणि स्टोन फक्त शाकाहारी ठेवा, पेपरोनी त्यावर कधीच नाही, आणि बॅरलची सफाई वर सांगितली तशी केलेली असली की जुन्या चरबीचा धूर लागत नाही. हे त्यांना आधीच मोकळेपणाने सांगा म्हणजे ते निवांत जेवतात.

संपल्यावर प्लग ओढू नका, शटडाउनच चालवा. पंखा दहा-पंधरा मिनिटं फिरून उरलेले पेलेट जाळून टाकतो, मध्येच वीज गेली तर तीच बर्नबॅकची वेळ. पेटी त्यानंतरही तासभर गरम असते, त्या उष्णतेवर भरताची दोन वांगी टोचून, तेल लावून एखाद्या ट्रेमध्ये आत सरकवा, सालं सुटेपर्यंत मऊ होतात. स्टोनवर पाणी घालायचं नाही, साबण तर नाहीच, नुसता खरवडून ठेवा. दुसऱ्या दिवशी कॉलर काढून तिचे बोल्ट सैल झालेत का बघा, मग आगीवरचा पत्रा, ड्रिप ट्रे, जाळ्या याच क्रमाने परत लावा. ट्रेचा उतार बादलीच्या बाजूलाच आहे ना हे हात फिरवून तपासा.